सायकल शाळेत न्यायचीच नाही : खाडीकाठच्या १७ सायकलींचं प्रकरण

फेब्रुवारी २०२२ मधला रविवार. आमचा रत्नागिरीचा सायकल ग्रुप भाट्याचा पूल ओलांडून, गोळपच्या चढावर धापा टाकून, पावसला मिसळ हाणून पुढे निघाला होता. बाटल्यांतलं पाणी संपलं म्हणून सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या, एका हायस्कुलाच्या नळावर थांबलो. शाळेमागे एक शेड होती. निम्म्या शेडवर पत्रे, निम्म्यावर आभाळ. खाली सायकली. एकीच्या हँडलात दुसरीचं पॅडल अडकलेलं, तिसरी दोघींच्या अंगावर रेललेली. सगळ्या लेडीज, सगळ्यांचा रंग एकच, आणि चेनकव्हरवर देणगीदार मंडळाचं नाव. मोजल्या, १७ भरल्या. पाच-सहा सीटांवर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं.

तेव्हा एसटीचा संप चालू होता. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झाला, एप्रिल उजाडला तरी पुरता मिटला नव्हता. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण गाडीच नसेल तर पास दाखवायचा कोणाला? त्या गावच्या मुली पाच महिने चालत शाळेत येत होत्या आणि शाळेमागे १७ सायकली गंजत होत्या. आमच्यातला एक जण तिथेच म्हणाला, "चला, कॅम्प लावू. पंक्चरं काढू, तेलपाणी करू, दोन रविवारांचं काम."

पुढे जे झालं ते लिहून ठेवतोय, कारण ते दोन रविवारांचं काम नव्हतं आणि पंक्चरांचं तर मुळीच नव्हतं. गावाचं आणि शाळेचं नाव देत नाही. सगळी माणसं चांगली आहेत, उगाच कोणाला कानकोंडं व्हायला नको.

आधी आमच्याबद्दल, कारण चूक आमच्यापासून सुरू होते. आम्ही रत्नागिरीतले पस्तीस-चाळीस जण: बँकवाले, दोन डॉक्टर, तीन शिक्षक, एक बागायतदार आणि माझ्यासारखे काही, ज्यांनी २०२० च्या टाळेबंदीत वाढत्या पोटाला घाबरून सायकल घेतली. ग्रुपात कायम दोन तट असतात. एका तटाला लांब पल्ल्याची हौस. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, मेडल आणायचं, फोटो टाकायचा. दुसरा तट आमचा, रोज कामावर सायकलने जाणाऱ्यांचा. मी नाचण्याहून जयस्तंभाजवळच्या ऑफिसात जातो. सकाळी जाताना बहुतेक उतार, संध्याकाळी येताना चढ, त्यामुळे घाम ऑफिसात नाही, घरी येऊन निथळतो. यात माझी हुशारी काही नाही, शहराची ठेवणच तशी आहे. पण दोन वर्षं मी स्वतःला या विषयातला जाणकार समजत होतो, आणि त्या मुलींचं गणित माझ्या बरोबर उलटं आहे हे डोक्यात यायला दीड महिना गेला. त्यांना सकाळी चढ, संध्याकाळी उतार.

मार्च : आम्ही काय केलं

मुख्याध्यापकांना फोन केला. सर खूश झाले. सायकलींची हकीकत त्यांनीच सांगितली. गावच्या मुंबईकर मंडळाने २६ जानेवारी २०२० ला झेंडावंदनानंतर वाटप केलं. आठवी-नववीतल्या पहिल्या नंबरांच्या १७ मुली, हार-तुरे, भाषणं. दोन महिन्यांत शाळा बंद झाली. सायकली शाळेच्या मालकीच्या म्हणून सरांनी परत मागवून शेडमध्ये ठेवल्या. मग वादळं आली. संयुक्त राष्ट्रांनी ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवलाय. २०२० च्या नेमक्या त्याच दिवशी ॲटलस या सायकल कंपनीने दिल्लीजवळचा साहिबाबादचा कारखाना बंद केला आणि त्याच दिवशी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. इथे शेडचे पत्रे तेव्हा नुसते खिळखिळे झाले. पुढच्या वर्षी १६ मेला तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, त्यात निम्मे उडाले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात आभाळाखाली एक पावसाळा काढलेल्या साखळीचं काय होतं ते सांगायला नको. हातात घेतली की काठीसारखी ताठ उभी राहायची.

शहरातल्या बाजारपेठेतून आमच्या नेहमीच्या चाचांना घेऊन गेलो. चाचांचं वय सत्तरीच्या पुढे. पूर्वी तासाच्या भाड्याने सायकली द्यायचे, अर्ध्या रत्नागिरीने त्यांच्या सायकलीवर मधल्या दांड्याखालून पाय घालून गुडघे फोडून घेतलेत. त्यांनी एक चाक फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, "छर्रे खाल्ले." म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या झिजल्या. मग पुढचे दोन रविवार ओव्हरऑइल. कोन-कप खोलून रॉकेलमध्ये धुणं, छर्रे बदलणं, चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणं. ब्रेकच्या तारा आवरणात अशा बसल्या होत्या की पक्कडीने ओढूनही हलेनात. सगळ्या नव्या टाकल्या, ब्रेक-रबरं नवी. चार सायकलींचा सुट्या भागांसाठी बळी दिला, १३ उभ्या राहिल्या.

आणि आम्ही एक शहाणपण केलं. शाळा सड्यावर, वाड्या खाली खाडीला. मधली घाटी मी माझ्या मीटरवर मोजली होती: १.२ किलोमीटरमध्ये ९० मीटर चढ, म्हणजे सरासरी साडेसात टक्के, दोन वळणांवर तर बारा. या सायकलींना पुढे ४४ दात, मागे १८. पॅडलचा एक फेरा मारला की सायकल ५ मीटरच्या थोडी पुढे जाते. एवढा मोठा घास घेऊन नववीतली पोर ती घाटी कशी चढणार? म्हणून वर्गणी काढून तेराही सायकलींना मागे २२ दाती फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, बसवलं. आता एका फेऱ्यात सव्वाचार मीटरपेक्षा कमी, पायावरचा भार १८ टक्क्यांनी हलका. चाक अर्धा इंच पुढे सरकवलं की जुन्याच लांबीची साखळी पुरते, ही चाचांची युक्ती. आम्हाला फार अभिमान वाटला. ग्रुपवर फोटो पडले, टाळ्या पडल्या. मेडलवाल्या तटानेही अंगठे दाखवले.

मुलींना आम्ही काय विचारलं? "सायकल आवडली का?" त्या "हो" म्हणाल्या. सर शेजारीच उभे होते.

तरी शेडमध्येच

शिमगा झाला, पालख्या नाचून देवळात गेल्या. गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात मी सरांना सहज फोन केला. "चालवतायत ना मुली?" सर जरा थांबले. "मैदानात चालवतात हो, मधल्या सुट्टीत. घरी कोण नेत नाही."

ही बातमी ग्रुपवर टाकली तर तासाभरात कारणांचा पाऊस पडला. मुलींना आवड नाही. आयांना लाज वाटते. मोबाइलमुळे. फुकट मिळालं की किंमत नसते, हे तर चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं. मला यातलं एकही पटेना, आणि त्याचं कारण साधं होतं. एसटी बंद होती. पाऊस नव्हता. सायकली टकाटक होत्या. चालायला जीव नकोसा व्हावा असा मार्चचा उकाडा होता. सायकलीला याहून चांगले दिवस कोकणात येत नाहीत. तरीही मुली चालत असतील तर त्यांना सायकल नको आहे असं नव्हे, चालणं त्यांना परवडत असलं पाहिजे. कसं, ते बघायला हवं होतं.

एका बुधवारी रजा टाकली. पहाटे पाचला निघालो, सातच्या सुमारास घाटीच्या पायथ्याशी पोचलो. खाडीकाठचा रस्ता तिथे वळून घाटी चढायला लागतो, आणि त्याच वळणावरून एक पाखाडी सरळ वर जाते. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, वर काजूची सावली. पाखाडीच्या तोंडाशी रस्त्याला लागून एक मांगर, शेतीचं सामान ठेवायचं छोटं घर. आत पेंढा, शेणी, मोडका नांगर. आणि मांगराच्या दाराशी, कुलूप-बिलूप काही न लावता, एक सायकल उभी.

जुनी काळी, उंच, मागच्या कॅरिअरवर ताडपत्रीने झाकलेली वेताची टोपली, हँडलाला रबरी भोंगा. पाववाल्याची. आता बहुतेक पाववाले मोटरसायकलवर फिरतात, पण या पट्ट्यात एक जण अजून सायकलवर आहे. दहा मिनिटांनी तो पाखाडीवरून उतरला, खांद्यावर रिकामी कापडी पिशवी. वरच्या वाडीत पाव देऊन आला होता. मी विचारलं, "सायकल वर नाही नेत?"

त्याने माझ्याकडे, मग माझ्या एकवीस गिअरच्या सायकलीकडे पाहिलं. "कशाला? पाव हलके, सायकल जड. जड ते खाली ठेवायचं, हलकं वर न्यायचं."

अठरा वर्षं तो हेच करतोय. रस्ता जिथे सपाट आहे तिथे सायकल, पाखाडी लागली की पाय. मांगर एका काकींचा. बदल्यात तो त्यांना रोज दोन पाव देतो.

आमच्या ग्रुपच्या यादीत तो नाही. बागांत राखणीला असणारे नेपाळी कामगार रात्री बाजारातून सायकलीवर पिशव्या लटकावून परततात, तेही नाहीत. बंदरावर जाणारे खलाशीही नाहीत. हेल्मेट दिसलं की आम्ही मोजतो, भोंगा दिसला की पाव घेतो. असो.

घड्याळ लावून

साडेनऊला मुली आल्या, खाडीकाठच्या दोन वाड्यांतल्या. मी त्यांच्यासोबत पाखाडी चढलो. पायऱ्या मोजायला गेलो, दोनशेच्या पुढे मोजदाद चुकली. दम लागला तो मलाच. त्या गप्पा मारत, कैऱ्यांना दगड मारत, दप्तरं सावरत अठरा मिनिटांत वर. संध्याकाळी त्यांच्यासोबत परत उतरलो, तेव्हा सर सोबत नव्हते, म्हणून बोलणं झालं.

"सायकल का नाही गो नेत?"

आधी कोणी बोलेना. मग एकजण म्हणाली, "घाटीतून ढकलायला लागते हो. चालत लवकर येतो."

तिचं म्हणणं मी घरी येऊन कागदावर मांडलं. वाडीपासून पायथ्यापर्यंत सपाट रस्ता २.४ किलोमीटर, चालत अर्धा तास. तिथून पाखाडीने अठरा मिनिटं. एकूण ४८. आता सायकल घेतली तर: सपाटीवर दहा मिनिटं, मग घाटी. २२ दाती असो की ३२ दाती, बारा टक्क्यांच्या वळणावर दप्तरासह त्या सायकलीवर बसून कोणी चढत नाही. उतरून ढकलावीच लागते. अठरा किलोचं लोखंड १.२ किलोमीटर ढकलायला पंचवीस मिनिटं, वर सड्यावरचे उरलेले ११०० मीटर पाच मिनिटं. एकूण ४०. म्हणजे आठ मिनिटं वाचवायची, त्यासाठी घामाघूम व्हायचं, आणि संध्याकाळी त्याच घाटीतून जीव मुठीत धरून उतरायचं. त्या सायकलींच्या रिम लोखंडी, चकचकीत. कोरड्यात ब्रेक ठीक लागतो, ओल्या झाल्या की नवं रबरसुद्धा नुसतं सरकतं. आईबाप घाबरतात यात काही चूक नाही.

मुलींचा हिशोब आमच्यापेक्षा बरोबर होता. त्यांनी तो कागदावर केला नव्हता एवढंच.

मग मी विचारलं, "पाववाल्यासारखी खाली का नाही ठेवत? मांगरात?"

"सर ओरडतील. सायकल शाळेत दिसली पायजे."

हे खरं कारण. सायकली शाळेच्या. शाळेच्या वस्तूंचं रजिस्टर असतं. मुंबईकर मंडळी शिमग्याला, गणपतीला, मे महिन्यात येतात आणि आमच्या सायकली दाखवा म्हणतात. म्हणून सरांचा नियम: सायकल रोज शाळेत हजर पाहिजे, नाहीतर जमा करायची. नियमात वाईट काही नाही. सरांच्या जागी मी असतो तर मीही हाच केला असता. पण या एका नियमामुळे सायकलीला ती घाटी चढणं सक्तीचं झालं, जी चढायची तिला काही गरजच नव्हती.

वाटपाचीही अशीच गोष्ट. पहिल्या नंबरांना दिल्या. यादी पाहिली तर १७ पैकी ९ मुली वरच्या वाडीतल्या आणि सड्यावरच्या, शाळेपासून दहा मिनिटांच्या पाखाडीवर. त्यांना सायकलीचा उपयोग जत्रेतल्या घोड्याइतका. राज्यात काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, तिथेही माप ५ किलोमीटरच्या अंतराचं. देशावर ते बरोबर आहे. आमच्याकडे अंतर आडवं कमी आणि उभं जास्त असतं, त्याचा रकाना कुठल्याच अर्जात नाही.

मे : देवळातली बैठक

सरांना मी हे सगळं कागदासकट दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "मला पटतंय. पण मंडळाला तुम्ही सांगा." शहाणा माणूस.

मे महिन्यात चाकरमानी आले. एका संध्याकाळी ग्रामदेवतेच्या सभामंडपात बैठक बसली. विषय तीन: पालखीचा हिशोब, पाण्याची टाकी, शेवटी सायकली. पहिल्या दोन विषयांत दीड तास गेला आणि आवाज इतके चढले की सायकलींवर ओरडायला कोणाच्या अंगात ताकद उरली नव्हती. याचा आम्हाला फायदा झाला असं माझं प्रामाणिक मत आहे.

तरी एक गृहस्थ उठलेच. "शाळेला दिलेल्या सायकली काकीच्या मांगरात? उद्या कोणी नेली तर?"

काकी मागे बायकांत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अठरा वर्सं त्या पाववाल्याची सायकल कोन नेली ती सांग आधी. तुझ्या शाळेचं पत्रं मात्र वाऱ्यानं नेलं."

हशा पिकला आणि ठराव झाला. सायकली शाळेच्याच राहतील. दर वर्षी जूनमध्ये खाडीकाठच्या दोन वाड्यांतल्या मुलींना वापरायला दिल्या जातील, नंबर बघायचा नाही. दिवसा मांगरात, रात्री मुलीच्या घरी. पंधरवड्यातून एकदा शाळेचा शिपाई मांगरात जाऊन मोजेल आणि रजिस्टरवर सही करेल. या वाड्यांतली घरं रस्त्यालगत, माडा-पोफळीच्या आगरांत, पायऱ्या नाहीत, तेव्हा रात्रीचा प्रश्न आपोआप सुटला.

मंडळातले एक जण काकींना भाडं द्यायची गोष्ट बोलले. काकींना पैसे नको होते. त्यांचं दळण हवं होतं. पिठाची गिरण खाडीरस्त्याने दीड किलोमीटरवर, आणि त्यांचे गुडघे गेलेले. दर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर कोणीतरी एका मुलीने कॅरिअरला डबा बांधून दळण आणायचं. त्यांच्यात पाळ्या लागल्यात आणि माझ्या माहितीत त्या चुकलेल्या नाहीत. आमच्या ग्रुपच्या पाण्याच्या ड्यूटीच्या पाळ्या पहिल्याच महिन्यात बंद पडल्या होत्या.

पावसाळा

१५ जूनला शाळा उघडली. १३ पैकी ११ सायकली दिल्या, दोन बदलीला ठेवल्या. आता वेळ दहा अधिक अठरा, २८ मिनिटं. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं वाचली. फार नाही. पण एसटी सुरू झाली तरी संध्याकाळच्या सव्वासहाच्या गाडीसाठी थांबायची गरज उरली नाही, उजेडात घर गाठता येतं. एका आईने मला सांगितलं तेवढंच: "दिवा लावायच्या आत येते आता."

पहिली तक्रार आली ती आमच्या फ्रीव्हीलची. ज्या शहाणपणाचे फोटो टाकले होते तेच. घाटी आता सायकलीच्या वाटेतच नव्हती, सगळा रस्ता सपाट, आणि तिथे २२ दाती फ्रीव्हील म्हणजे पाय भिरभिरतात, सायकल काही पळत नाही. "पयलंचंच द्या ना," मुली म्हणाल्या. चाचांनी जुनी १८ दाती फ्रीव्हील पत्र्याच्या डब्यात रॉकेलमध्ये घालून ठेवली होती. टाकली नव्हती. मला बघून नुसते हसले. ऑगस्टमध्ये एका रविवारी सगळी बदलली, चाकं अर्धा इंच मागे. काढलेली २२ दाती अजून माझ्या घरी माळ्यावर आहेत, कोणाला हवी असतील तर सांगा.

जुलैत एक मुलगी व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, मोरीपाशी शेवाळावर घसरून पडली. कोपर सोललं. सायकल आठ दिवस घरात राहिली, मग परत निघाली. त्या मोरीवर आता सगळ्या उतरून चालतात. आम्ही सांगितलं नव्हतं.

खाऱ्या पाण्याचा विचार मात्र कोणीच केला नव्हता, चाचांनीसुद्धा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीचं पाणी खाडीरस्त्याच्या एका सखल तुकड्यावर येतं, वीतभर, तासभर. मुली त्यातून सायकल दामटतात, मजा म्हणून. ऑगस्टमध्ये साखळ्या बघितल्या तर लाल, आणि त्यांना येतोय तो चक्क वेणीचा वास. गंज दिसला म्हणून मुलींनी घरातलं खोबरेल ओतलं होतं. खोबरेल साखळीत चिकट होतं आणि बारीक रेती धरून ठेवतं, कानशीसारखं घासत राहतं. चाचांनी डोक्याला हात लावला. मग त्यांनी एकीला बसवून दाखवलं: आधी गोड्या पाण्याने धू, फडक्याने कोरडी कर, मशिनचं तेल एकेका कडीवर एकेक थेंब, पॅडल उलटं फिरव, वरचं पुसून टाक. आत राहतं ते कामाचं, बाहेर दिसतं ते मातीचं. तिने बाकीच्यांना शिकवलं. तेलाची बाटली आता मांगराच्या वाशाला सुतळीने टांगलेली असते.

दिवाळीपर्यंतचा हिशोब: ११ पैकी ९ रोज रस्त्यावर. एका मुलीचं कुटुंब मुंबईला गेलं, सायकल परत आली. एकीच्या भावाने सायकल बळकावली, तो तीवर मासे पकडायला जातो, त्याच्याशी बोलणी चालू आहेत.

ग्रुपमध्ये मी हे सगळं सांगितलं तेव्हा लांब पल्ल्यावाल्यांपैकी एकाने विचारलं, "एवढं करून दोन-अडीच किलोमीटर?" हो, दोन-अडीच किलोमीटर. त्यातलेच दोघे नंतर मला हळूच म्हणाले की ते स्टेशनला जाताना कुवारबावपर्यंत सायकलने यायला तयार आहेत, पण गाडीने मुंबईला गेल्यावर दोन दिवस सायकल ठेवायची कुठे. मी म्हटलं, स्टेशनजवळ कोणा काकींचा मांगर बघा. त्यांना विनोद वाटला.

एक गोष्ट मिटलेली नाही. ऑक्टोबरअखेरीस भात झोडून झालं की पेंढा मांगरात येतो. मांगर पेंढ्यासाठीच आहे, सायकलींसाठी नाही, यावर काकींशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत नऊ सायकली बाहेर गडग्याला टेकून उभ्या राहतात, आणि परतीचा पाऊस नेमका तेव्हाच गाठतो. म्हणून आम्ही ग्रुपतर्फे एक मोठी निळी ताडपत्री घेऊन दिली, सायकलींवर घालायला. परवा पावसला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून बघितलं. सायकली उघड्यावर होत्या. ताडपत्री मांगराच्या कौलांवर, चारी कोपऱ्यांना जांभ्याचे चिरे ठेवून व्यवस्थित ताणलेली. आत पेंढा कोरडा ठणठणीत.

काकी म्हणाल्या, "पेंढा भिजला तर गुरं काय खातील? सायकल खाते का काय?" आणि चहा टाकायला आत गेल्या.

आता दुसरी ताडपत्री घ्यायची आहे. वर्गणी चालू केली आहे.